टॉप मॉडेल ठरवण्याआधी, ताई, ड्रायव्हरच्या सीटवर बसून बघा

पत्र:

नमस्कार. आम्ही कराडजवळ मलकापूरला राहतो. मी प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे, हे गेल्या वर्षी निवृत्त झाले. अकरा वर्षांची जुनी गाडी काढून नवीन घ्यायची आहे. कुठली घ्यायची ते ठरलंय: पेट्रोल, चार मीटरच्या आतली. पण मॉडेलवरून घरात दोन तट पडलेत. पुण्यातला मुलगा म्हणतो, जीएसटी कमी झालाय, वाचलेल्या पैशात टॉपच घ्या, त्यात कंपनीचं नेव्हिगेशन आहे, घाटात रेंज नसली तरी रस्ता दाखवतं. शोरूमवालेही तेच सांगतात. ह्यांचं म्हणणं, हातात फोन असताना नकाशाला वेगळे पैसे कशाला, खालून दुसरं मॉडेल घेऊ. दुसऱ्याची एक्स शोरूम किंमत 8 लाख 86 हजार, टॉपची 11 लाख 38 हजार. माझं माहेर गुहागर तालुक्यात, वर्षातून पाच-सहा वेळा कुंभार्ली घाटाने जाणं होतं. सासरे 78 वर्षांचे, गुडघ्यांचा त्रास आहे, ते मागे बसतात. काय घ्यावं? ब्रोशरचे फोटो सोबत पाठवलेत.

ता. क. रोज शाळेला गाडी मीच नेणार आहे, जाऊन-येऊन 28 किलोमीटर. 52व्या वर्षी लायसन्स काढलंय. उंची जेमतेम पाच फूट, त्यामुळे थोडी धास्ती वाटते.

एक वाचक, मलकापूर (कराड)

उत्तर:

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा ता. क. पाशी येऊन थांबले. घरात महिनाभर चर्चा चाललीय स्क्रीनची, आणि गाडी रोज जी चालवणार ती पत्राच्या तळाशी दोन ओळींत. म्हणून मी उत्तर तिथूनच सुरू करते. नेव्हिगेशनकडे येईन, त्यावर बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण आधी तुमची सीट.

मी गाडी शिकले तेव्हा आमच्या घरच्या गाडीला सीट वर-खाली करायची सोय नव्हती. माझी उंची तुमच्याहून दोन बोटं जास्त असेल. बॉनेट दिसत नाही म्हणून मी बुडाखाली उशी घ्यायचे. एकदा पुढचा रिक्षावाला अचानक थांबला, मी ब्रेक दाबला आणि उशी मला घेऊन पुढे सरकली. पाय ब्रेकवरून अर्धा निसटला. रिक्षाच्या मागच्या पत्र्यावरची अक्षरं वाचता येतील इतक्यावर गाडी थांबली. त्या दिवसापासून उशी गेली, आणि कोणीही बाई गाडी घ्यायचं म्हणाली की माझा पहिला प्रश्न असतो, सीटची उंची बदलता येते का?

सीटच्या उजव्या अंगाला एक लांबट दांडी असते. ती हापशासारखी वर-खाली मारली की सीट टप्प्याटप्प्याने वर येते. एवढीशी ती सोय, पण बहुतेक गाड्यांत खालच्या एक-दोन मॉडेलना ती नसते. ती नसली की कमी उंचीचा माणूस सीट पुढे ओढतो, कारण तेवढंच हातात असतं. आणि मग छाती स्टिअरिंगला जवळजवळ टेकते. एअरबॅग फुगते ती डोळ्याची पापणी लवायच्या आत, प्रचंड जोराने. ती पूर्ण फुगायला जागा लागते, म्हणून छातीच्या मधल्या हाडापासून स्टिअरिंगच्या मध्यापर्यंत किमान 25 सेंटिमीटर अंतर ठेवायला सांगतात. साधारण एक वीत आणि वर चार बोटं. शोरूममध्ये गेलात की सीटवर बसा, क्लच, आणि क्लच नसेल तर ब्रेक, पूर्ण दाबून बघा, आणि वीत लावून मोजा. लाजू नका. सेल्समन काय म्हणेल याचा विचार नको, रोजचे 28 किलोमीटर त्याला चालवायचे नाहीत.

सोबत आणखी दोन गोष्टी बघा. स्टिअरिंग खाली घेता येतं का, आणि पट्टा खांद्याजवळ जिथे अडकवलेला असतो ती कडी खाली सरकते का. ती सरकत नसेल तर पट्टा गळ्याला काचतो, मग माणूस तो काखेतून घेतो, आणि काखेतून घेतलेला पट्टा असून नसल्यासारखा. सीट वर आली, पट्टा खांद्यावर बसला आणि बॉनेटची कड दिसली की तुमची धास्ती निम्मी जाईल. उरलेली निम्मी महिनाभर चालवून जाते, हे मी स्वतःच्या अनुभवाने सांगते.

आता ब्रोशर. तुम्ही पाठवलेल्या फोटोत मॉडेल चार आहेत. घरात वाद चाललाय तो दुसऱ्याचा आणि चौथ्याचा. तिसऱ्याबद्दल पत्रात एक शब्द नाही. किंमत छापलीय 9 लाख 78 हजार. मला वाटतं शोरूममध्येही त्याबद्दल कोणी बोललं नसेल. तसं होतं बऱ्याचदा. टॉप मॉडेल गोडाऊनला उभं असतं आणि मधल्याला थांबावं लागतं, मग गिऱ्हाइकासमोर एक अगदी साधं आणि एक अगदी भरलेलं अशी दोनच ताटं येतात.

सहा एअरबॅग, घसरती गाडी सावरणारं ईएससी आणि चढावर मागे येऊ न देणारं हिल होल्ड हे तुमच्या गाडीत चारही मॉडेलना आहे. हे फार चांगलं झालंय. काही वर्षांपूर्वी जास्तीच्या एअरबॅगसाठी टॉपपर्यंत जावं लागायचं, आणि लोक टॉप घ्यायचे त्यामागे ते एक खरं कारण होतं. तुमच्यासाठी ते कारण आता उरलेलं नाही.

दुसऱ्यावरून तिसऱ्यावर गेलं की 92 हजारात काय मिळतं ते मी तुमच्या फोटोतूनच वाचते: ड्रायव्हरच्या सीटची उंची, मागच्या काचेचा वायपर आणि काचेवरचं धुकं घालवणारा डीफॉगर, रिव्हर्स कॅमेरा, मागे एसीचे झोत, मागच्या सीटला उंची बदलणारे हेडरेस्ट. ही पाचही कामं तुमच्या घरातल्या माणसांची आहेत. सीट तुमची. कॅमेरा तुमचा, कारण शाळेच्या आवारात पोरं कुठून कधी मागे येतील सांगता येत नाही. हेडरेस्ट आणि एसी सासऱ्यांसाठी. वायपर-डीफॉगर कुंभार्लीसाठी. जुलै-ऑगस्टात हेळवाक सोडलं की ढग रस्त्यावर उतरतात. पोफळीपर्यंत मागची काच पांढरी झालेली असते, आणि मागून एसटी कुठल्या वळणावर आलीय ते कळत नाही. आणि हे सगळं नंतर बसवायचं म्हटलं तर कॅमेरा सोडून एकही धड बसत नाही. सीटची दांडी कोणी बाहेरून लावून देत नाही.

तिसऱ्यावरून चौथ्यावर गेलं की 1 लाख 60 हजारात मिळतं: सनरूफ, 16 इंची अलॉय चाकं, चारी बाजूंचा कॅमेरा, क्रूझ कंट्रोल, नऊ इंची स्क्रीन, कंपनीचं नेव्हिगेशन आणि फोनवरून गाडीचा ठावठिकाणा बघायची सोय. सनरूफबद्दल मी काही बोलत नाही, हौस ही हौस असते. अलॉयबद्दल एवढंच, मोठ्या चाकाला टायरची जाडी कमी राहते आणि खड्ड्याचा दणका जास्त आत येतो. गुडघेदुखीवाल्या माणसाला तो पहिल्यांदा कळतो.

आणि 1 लाख 60 हजार हा आकडा तिथेच थांबत नाही. आपल्याकडे खासगी पेट्रोल गाडीला एकरकमी रस्ता कर 10 लाखांपर्यंत 11 टक्के आहे, आणि 10 ते 20 लाखांमध्ये 12. हा कर वरच्या रकमेवर नसून पूर्ण किमतीवर लागतो. म्हणजे 9 लाख 78 हजारांवर 1 लाख 7 हजार 580, आणि 11 लाख 38 हजारांवर 1 लाख 36 हजार 560. फरक जवळपास 29 हजार. शिवाय गाडी 10 लाखांच्या वर गेली की शोरूम 1 टक्का टीसीएस, म्हणजे आयकरापोटीची आगाऊ रक्कम, वर घेतं. तो आयकर विवरणपत्रात वळता करून घेता येतो, पण तोवर 11 हजार 380 अडकतात. विमाही किमतीबरोबर चढतो. सगळं धरून फरक दोन लाखांच्या आसपास जातो. पाच वर्षांचं कर्ज 9 टक्क्यांनी धरलं तर त्या दोन लाखांचा हप्ता महिन्याला 4 हजार 150 पडतो. मुलाला सांगा, जीएसटी 22 सप्टेंबर 2025 पासून कमी झाला हे अगदी खरं आहे, तुमच्यासारख्या छोट्या पेट्रोल गाडीवरचा कर सेससह 29 टक्के होता तो 18वर आला. पण वाचलेला पैसा वरच्या मॉडेलवर खर्च केला की तो वाचला असं म्हणता येत नाही.

आता नेव्हिगेशन. इथे तुमचा मुलगा आणि तुमचे यजमान दोघांचंही अर्धं अर्धं बरोबर आहे, आणि दोघांचाही एकाच जागी घोटाळा होतोय. रस्ता दाखवण्यात तीन वेगळी कामं असतात, ती आपण एकच समजतो.

पहिलं काम, आपण आत्ता कुठे आहोत ते ओळखणं. ते उपग्रहांवरून होतं आणि त्याला मोबाइलची रेंज लागतच नाही. चार उपग्रहांचा संदेश मिळाला की पुरे, फोनला काय आणि गाडीला काय. कुंभार्लीच्या ऐन मध्यावर रेंजची एकही काडी नसली तरी फोनला आपण कुठे आहोत ते कळत असतं. दुसरं काम, खालचा नकाशा. तो साठवलेला असेल तर रेंज नको, नसेल तर हवी. फोनवर ठिपका पांढऱ्या कागदावर उभा दिसतो तो याचमुळे: जागा कळलीय पण नकाशा आलेला नाही. तिसरं काम, पुढे कोंडी आहे का, रस्ता बंद आहे का, ते कळणं. त्याला इंटरनेट हवंच, मग नेव्हिगेशन कोणाचंही असो.

मुलगा म्हणतो ते दुसऱ्या कामाबद्दल खरं आहे. कंपनीच्या नेव्हिगेशनमध्ये नकाशा गाडीतच साठवलेला असतो. पण तेच फोनवर फुकट करता येतं. गूगल मॅप्समध्ये आपल्या फोटोवर बोट ठेवलं की ऑफलाइन नकाशे असा पर्याय येतो. त्यात कराडपासून गुहागरपर्यंतचा चौकोन ओढून घ्यायचा आणि घरच्या वाय-फायवर उतरवून ठेवायचा. पाच मिनिटांचं काम. मधूनमधून तो ताजा करायचा, एवढंच लक्षात ठेवा. माहेरी जायच्या आदल्या रात्री दशम्या बांधताना हेही करून टाका.

मग गाडीतल्या नकाशाला काहीच अर्थ नाही का? आहे. चांगल्या बसवलेल्या नेव्हिगेशनला चाकं किती फिरली आणि गाडी किती वळली हे गाडीकडूनच कळतं. त्यामुळे बोगद्यात उपग्रह दिसेनासा झाला तरी ते हिशेबाने पुढे चालत राहतं. समृद्धीवर इगतपुरीजवळ जवळपास आठ किलोमीटरचा बोगदा आहे, तिथे हा फरक दिसतो. अँटेना छतावर असते, फोनसारखी काचेखाली दडलेली नसते. फोन तापून बंद पडायची भीती नाही. ज्यांचं रोजचं काम हायवेवर आहे, महिन्याला चार-पाच हजार किलोमीटर पडतात, नवनवीन जिल्ह्यांत जावं लागतं, त्यांना मी टॉप घ्या असंच सांगितलं असतं.

पण नकाशा शिळा होतो, ताई. मी 2016मध्ये गाडी घेतली ती याच हौसेपोटी वरचं मॉडेल बघून. नकाशा एका छोट्या कार्डावर होता, स्क्रीनखालच्या फटीत खोचलेला. पहिली दोन वर्षं मजा आली. 2023च्या फेब्रुवारीत नागपूरला लग्नाला निघालो. समृद्धीचा नागपूर ते शिर्डी टप्पा डिसेंबर 2022मध्ये खुला झाला होता. शिर्डीला चढलो, समोर सरळसोट सहापदरी रस्ता, आणि स्क्रीनवर आमचा बाण हिरव्या रंगाच्या मोकळ्या शेतातून चाललेला. दर दोन मिनिटांनी आतून आवाज, शक्य होईल तिथे यू-टर्न घ्या. जालना मागे पडेस्तोवर ती बाई थकली नाही. शेवटी मुलीने आवाज बंद केला आणि फोन लावला. परत आल्यावर नकाशा नवा करायला सर्व्हिस सेंटरला गेले, तर त्या मॉडेलसाठी नवा नकाशा यायचा बंद झाला होता. ते कार्ड अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे.

आताच्या गाड्यांत कार्ड राहिलेलं नाही, गाडीतच सिम असतं आणि नकाशा हवेतून ताजा होतो. भारतात बऱ्याच कंपन्या त्यासाठी मॅपमायइंडियाचा, म्हणजे आता मॅपल्स म्हणतात त्यांचा, नकाशा वापरतात. ही 1995पासून नकाशे करणारी आपली कंपनी आहे, काम चांगलं आहे. पण ती सिमची सेवा सहसा सुरुवातीची काही वर्षं फुकट असते, तीन वर्षं तर बऱ्याच ठिकाणी, आणि नंतर वर्षाला पैसे भरायचे असतात. गाडी तुम्ही अकरा वर्षं वापरणारी माणसं आहात. म्हणून शोरूममध्ये दोन प्रश्न विचारा आणि उत्तर कोटेशनवर लिहून घ्या: फुकट मुदत संपल्यावर वर्षाला किती, आणि पैसे भरले नाहीत तर नकाशा ताजा व्हायचा थांबतो की नुसती रहदारी दिसायची थांबते. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर सेल्समनला बहुधा येणार नाही. तो कंपनीला विचारून सांगतो म्हणाला तर थांबा, विचारू द्या.

आणि एक परीक्षा नक्की घ्या. टॉप मॉडेलच्या टेस्ट ड्राइव्हला बसलात की स्वतःच्या बोटाने त्या स्क्रीनवर "मलकापूर" टाका. एक तुमचं, कराडचं. एक शाहूवाडी तालुक्यातलं, आंबा घाटाने रत्नागिरीला जाताना लागतं ते. एक बुलडाणा जिल्ह्यातलं, रेल्वे स्टेशनवालं. स्क्रीन कुठलं पहिलं दाखवते, जिल्हा लिहिते का, आणि मराठीत टाकलेलं तिला कळतं का ते बघा. मग तुमच्या माहेरच्या वाडीचं नाव टाका. कोकणात एका गावाच्या दहा वाड्या दीड-दोन किलोमीटरवर पसरलेल्या असतात, गाव सापडलं म्हणून घर सापडत नाही. शेवटी तुमची गल्ली टाका. हेच तिन्ही तिथेच उभं राहून स्वतःच्या फोनवर टाका. जे आधी आणि बिनचूक सापडेल ते तुमचं नेव्हिगेशन. हे मी किंवा तुमचा मुलगा घरी बसून ठरवू शकत नाही.

माझा अंदाज फोनकडे आहे, आणि त्याचं कारण तुमच्या दारातच आहे. मलकापूर-कराडला हायवेवर उड्डाणपुलाचं काम काढल्यापासून रस्ते किती वेळा वळवले गेले ते तुम्ही बघितलंयत. ढेबेवाडी फाट्याला आज जिथून वळायचं तिथून पुढच्या महिन्यात वळता येईलच असं नव्हतं. असे बदल लाखो लोकांच्या फोनवरून नकाशाला लवकर कळतात.

तिसऱ्या मॉडेलला सात इंची स्क्रीन आहे आणि त्यात अँड्रॉइड ऑटो, ॲपल कारप्ले दोन्ही आहे. म्हणजे फोनचा नकाशा समोर मोठा दिसेल, फोन हातात धरायची गरज नाही. तुमच्या गाडीत ते वायरनेच चालतं, मुलगा त्याला कमीपणा म्हणेल. मला ते उलट बरं वाटतं, फोन चार्ज होत राहतो. वायर मात्र चांगली घ्या, रस्त्यावरच्या पन्नास रुपयांच्या वायरीने दर दहा मिनिटांनी नकाशा जातो आणि दोष गाडीला मिळतो. रोज शाळेला जाताना नकाशा लागणार नाही. माहेरी जाताना यजमान चालवतील तेव्हा स्क्रीन तुम्ही सांभाळा, आणि तुम्ही चालवाल तेव्हा त्यांच्या हाती द्या. ऑक्टोबर 2020पासून नियमातच लिहिलंय की गाडी चालवताना फोन फक्त रस्ता बघायला वापरता येईल, तोही लक्ष विचलित न होता. म्हणून पत्ता घालायचा तो गाडी उभी असताना.

एक गोष्ट मात्र तुम्हाला आणि तुमच्या यजमानांना हात धरून सांगावीशी वाटते. नकाशा कुठलाही असो, रात्री अनोळखी रस्त्याला त्याच्या भरवशावर जाऊ नका. जानेवारी 2021मध्ये अकोले तालुक्यात कोतूळजवळचा पूल धरणाच्या पाण्याखाली गेला होता. रस्ता बंद होता आणि गावातल्या प्रत्येकाला ते माहीत होतं. नकाशाला माहीत नव्हतं. पुण्याहून आलेली गाडी रात्री सरळ पाण्यात गेली, एकाचा जीव गेला. आपल्याकडे पावसाळ्यात दरड पडते, घाट कामासाठी बंद होतात, गगनबावड्याचा करूळ घाट 2024मध्ये कितीतरी महिने बंद होता. पाटणला चहाला थांबाल तेव्हा चहावाल्याला विचारा, घाट चालू आहे ना? चिपळूणकडून आलेला ट्रकवाला तिथे हमखास असतो.

आता सासरे. त्यांना शोरूमला घेऊन जा. ते नको म्हणतील, तरी न्या. मागचं दार उघडून त्यांना स्वतः बसू द्या, मदत करू नका, नुसतं बघा. डोकं चौकटीला लागतं का, पाय आत घेताना गुडघा कुठे अडतो, उठताना हात कशाला धरतात. वर धरायचं हँडल मागे दोन्ही बाजूंना आहे का ते बघा, काही गाड्यांत वाचवलेलं असतं. पुढची सीट तुमच्या उंचीला लावून मग त्यांना मागे बसवा, कारण तुम्ही पुढे सरकून बसणार, त्यांना पाय पसरायला जागा मिळेल. दहा मिनिटं बसवून ठेवा. तुमच्या चौघांत या गाडीबद्दल सगळ्यात खरं मत त्यांचे गुडघे देतील.

तेव्हा माझं उत्तर तिसरं मॉडेल. सहा आठवडे थांबावं लागलं तरी थांबा, अकरा वर्षांत सहा आठवडे काहीच नाहीत. शोरूमवाले म्हणतील, दुसरं मॉडेल घ्या, आम्ही मोठी स्क्रीन बाहेरून बसवून देतो. नको म्हणा. बाहेरची स्क्रीन बसवताना वायरिंग कापलं की पुढे विजेच्या कुठल्याही बिघाडात वॉरंटीचा वाद उभा राहतो. विमा त्यांच्याकडूनच घ्या असा आग्रह झाला तर दुसरीकडून एक कोटेशन आणून समोर ठेवा, बहुतेक वेळा आकडा खाली येतो. गाडी आली की पासिंगच्या आधी चासी नंबरवरून कुठल्या महिन्यात तयार झालीय ते विचारून घ्या.

वाचलेल्या दोन लाखांतून सहा हजार माझ्या सांगण्यावरून बाजूला काढा. तुमच्या ड्रायव्हिंग स्कूलवाल्याला गाठा आणि स्वतःच्या नव्या गाडीवर आठ-दहा दिवस त्याला शेजारी बसवा. पहिले चार दिवस घर ते शाळा, शाळेच्या गेटातून रिव्हर्स. मग एकदा कोयनानगरपर्यंत. शेवटच्या दिवशी कुंभार्ली उतरून चिपळूण आणि परत, तुम्ही चालवायचं, त्याने बसायचं. गणपतीला माहेरी जाताना पाटणच्या पुढे स्टिअरिंग कोणाच्या हातात होतं ते मला कळवा.